चार्जिंगच्या तोंडाला कुंकू

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत इलेक्ट्रिक गाडी एकच, ती लक्ष्मीताई मढवींची. ताईंचं वय एकसष्ट. माहेर कळव्याचं, वडील मिठागरावर कामाला होते. तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढली आणि रिटायर झाल्यावर घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायला लागल्या. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, आणि एक पेशंट थेट खडवलीला. लिफ्टमध्ये भेटल्या की स्पिरिटचा वास येतो. मी त्यांच्या शेजारच्या दाराची.

गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. शोरूमवाल्याने सांगितलं, एका चार्जिंगमध्ये अडीचशे किलोमीटर. ताई पहिल्या दिवसापासून दोनशेच धरतात. "पेशंटचे नातेवाईक पण मना असंच सांगतात, सिस्टर, काल सगळं जेवले. मी त्यातलं थोडं वजा करते." रोज संध्याकाळी आल्या की पार्किंगमध्ये प्लग लावायचा आणि ऐंशी टक्क्यांना काढायचा. खड्डा आला की गाडी जवळजवळ उभी करायची, कारण बॅटरी खालच्या पोटात असते. गाडीचा आवाज येत नाही, म्हणून गल्लीत शिरताना काच खाली करून स्वतःच ओरडतात, "बाजू, बाजू!" हॉर्न वाजवलेला त्यांना आवडत नाही, आजारी माणसं दचकतात म्हणून.

खडवलीचे पेशंट सहदेवभाऊ. साखरेचा आजार, उजव्या पायाला जखम. अंगठा एकदा काढायचा ठरला होता, पण एक दिवसाआड नीट ड्रेसिंग झालं तर वाचेल असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या लांब एक दिवसाआड जायला दुसरी सिस्टर तयार नव्हती. ताई सकाळी सातला निघतात, आठला त्यांच्या ओटीवर. तीन महिन्यांत जखम रुपयाएवढी राहिली होती.

हे सगळं चालत होतं ते पार्किंगमधल्या त्या एका पॉइंटवर. सोसायटीच्या सामाईक मीटरवरून लाइन घेतलेली, ताईंच्या नावाचा वेगळा छोटा मीटर. सेक्रेटरी त्र्यंबकभाऊंनी परवानगी द्यायला चार महिने लावले होते.

दसऱ्याच्या दिवशी मी आमच्या स्कूटरची पूजा करत होते. ताई आंघोळीला चालल्या होत्या. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "नंदा, तू ओवाळतेच आहेस तर माझ्या गाडीला पण ओवाळ गं."

मी मनापासून केलं. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग मनात आलं, आपण दसऱ्याला विळीच्या पात्याला कुंकू लावतो, शिलाई मशीनला सुईपाशी लावतो. हत्यार जिथे काम करतं तिथे. मग ह्या गाडीचं तोंड कुठलं? जिथून ती जेवते तेच. मी चार्जिंगचं झाकण उघडलं. आत गोल घरात सात भोकं. सात बघून मला तर सप्तमातृकाच आठवल्या. ओलं हळदी-कुंकू करून एकेका भोकाला बोट लावलं, वर अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि झाकण लावलं.

संध्याकाळी सात वाजता ताईंनी प्लग लावला आणि खट्‌ करून पार्किंगमधले दिवे गेले. पंप बंद, लिफ्ट बंद. लिफ्टमध्ये होते त्र्यंबकभाऊ, सिल्कचा झब्बा घालून, हातात आपट्याच्या पानांची पिशवी. सात मिनिटं आतून त्यांचा आवाज येत होता, "अहो, कोणी आहे का? सोनं वाटायला चाललोय मी!" वॉचमनने मीटर रूममधलं बटण वर केलं, ताईंनी परत प्लग लावला, परत सगळं गेलं. तेव्हा लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये होती. भाऊ अजून आतच होते.

रात्रीच्या आत ग्रुपवर मेसेज आला. विद्युत वाहनाचे चार्जिंग तात्काळ बंद, रविवारी दहा वाजता सभा, पॉइंट कायमचा काढण्याबाबत निर्णय.

"काढला तर?" मी ताईंना विचारलं.

"बाहेरचे चार्जर आहेत की. पण तिथे टॅक्सीवाले रांगेत. दर दोन दिवसांनी दीड-दोन तास तिथे बसायचं म्हणजे कोणतरी एक पेशंट सोडावा लागेल. सोडायचा तर सगळ्यात लांबचा." मला नाव विचारावं लागलं नाही.

गाडीत एकसष्ट टक्के उरले होते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी गावातल्या गावात पेशंट केले आणि दुपारी शीळ रोडच्या एका चार्जरवर गाडी लावली. तिथेही लाल दिवा. प्लग पूर्ण आत बसेना. घरी येऊन बॅग ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "नंदा, मी खूश आहे."

"चार्ज झाली?"

"नाय गं बाय. नाय झाली म्हणून खूश. दोन्ही ठिकाणी चार्ज होत नाय म्हणजे दुखणं सोसायटीच्या वायरिंगला नाही, माझ्या गाडीला आहे. उद्या ठाण्याला दाखवते. येतेस सोबत? आधी खडवली, मग ठाणे."

मी गेले. एकोणपन्नास टक्के होते. ताईंनी एसी बंद ठेवला, टायरमधली हवा तपासली, आणि कल्याण सोडल्यावर ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही. पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते आणि तेवढीच वीज परत आत जाते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी स्क्रीनवरचे आकडे बघत रामरक्षा म्हणत होते.

"मोठ्यानं म्हण की, मी पण ऐकते," ताई म्हणाल्या. "आणि तो आकडा बघू नको. त्यानं माझं बीपी नाय वाढत, तुझं वाढतंय."

सहदेवभाऊ ओटीवर पाय लांब करून बसले होते. ताईंनी जखम धुतली, वाकून नीट पाहिली. "छान भरतेय." मग पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "भाऊ, गाडी जरा आजारी आहे. सोमवारपासून मी येऊ शकेन की नाही, ते उद्या सभा झाली की कळवते."

भाऊ पायाकडे बघत राहिले. "सिस्टरबाई, तुम्ही नाही आलात तर आमची ही करेल. पण तिला रक्त बघवत नाही. ती डोळे मिटून पट्टी बांधते."

"मग तुम्ही डोळे उघडे ठेवा," ताई म्हणाल्या.

ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरला पोचलो तेव्हा सोळा टक्के होते. तिथे साकेत म्हणून एक कारागीर होता. त्याने झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि वाकून आत पाहिलं.

"मावशी, गाडीची ओटी कोणी भरली?"

तेव्हा कुठे मला कळलं. तीन दिवस मी त्र्यंबकभाऊंना, वॉचमनला, वायरमनला मनात बोल लावत होते.

"मीच," मी म्हटलं. "हळदी-कुंकू आहे. ओलं करून लावलं."

"आणि हे?" त्याने गाडीचं सगळं बंद करून, हातमोजे घालून, प्लॅस्टिकच्या चिमट्याने एका भोकातून तांदळाचा दाणा काढला. मग दुसरा. "अक्षता. अजून नैवेद्य वगैरे काही आहे का आत?"

ताई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मला रडू येत होतं. "ताई, माझ्यामुळे तुमचा पॉइंट जातोय."

"अगं, तू देवाचं केलंस, गाडीचं काय बिघडलं? धुतलं की झालं." मग साकेतकडे वळून, "ते बटण पडलं कशानं ते मना नीट सांग. उद्या मना लोकांना सांगायचंय."

त्याने नीट सांगितलं. ओल्या कुंकवातून वीज जायला नको तिथे जायला लागली, ते ईएलसीबीने, म्हणजे मीटर रूममधल्या त्या बटणाने, ओळखलं आणि लाइन तोडली. तसं झालं नसतं तर धोका होता. साफसफाई झाल्यावर त्याने घरच्यासारखा प्लग लावून पाहिला, मग फास्ट चार्जरला लावली. आम्ही नौपाड्यात जाऊन मिसळ खाऊन आलो तोवर साठ टक्के झाले होते. येताना ताईंनी एसी लावला.

रविवारी सभेला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सगळ्यांत आधी तिसऱ्या मजल्यावरचा कमलेश बोलला. "काकू, राग मानू नका, पण खाली आग लागली तर वर माझी मुलगी झोपलेली असते." दोन-तीन माना हलल्या. त्र्यंबकभाऊ म्हणाले, "आणि मी! सात मिनिटं! सणाच्या दिवशी!"

मी महिला मंडळाच्या भिशीपलीकडे कुठे तोंड उघडलेलं नाही. पण उभी राहिले. "गाडीत दोष नव्हता. चार्जिंगच्या तोंडात ओलं कुंकू मी लावलं. अक्षता पण मीच टाकल्या."

असा हशा झाला की वॉचमन गेटवरून आत आला. त्र्यंबकभाऊ मात्र हसले नाहीत. "म्हणजे उद्या कोणी तुळस लावली तर परत लिफ्ट बंद?"

मला वाटलं, संपलं. ताई उठल्या.

"भाऊ, तुमचं बरोबर आहे. लिफ्ट बंद पडली ही नंदाची नाही, माझी चूक. सामाईक मीटरवरून लाइन घेणं तेव्हा सगळ्यांना सोपं पडलं, मलाही. ते चुकलं. आता मी माझ्या घरच्या मीटरवरून वेगळी लाइन घेते, वेगळा ईएलसीबी लावते. परत असं झालं तर माझा फ्रिज बंद पडेल. तुमची लिफ्ट नाय." मग कमलेशकडे वळून त्यांनी साकेतने लिहून दिलेला तपासणीचा कागद दिला. "वाच. बटण पडलं म्हणजे बटणानं काम केलं. बटण नसलेला पॉइंट असता तर मीच तो काढायला सांगितला असता. आणि लाइन झाली की परवानावाल्या वायरमनचं सर्टिफिकेट तुझ्या हातात देईन. तुझी मुलगी माझी पण नात आहे रे."

कमलेशने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. "सर्टिफिकेट मिळालं तर माझी हरकत नाही."

"वेगळी लाइन व्हायला किती दिवस?" त्र्यंबकभाऊंनी विचारलं.

"आठ-दहा."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत खडवलीला एका माणसाचा अंगठा माझी वाट बघतोय," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तीन महिने आम्ही दोघांनी तो सांभाळलाय. आता दहा दिवसांसाठी मी तो सोडत नाय. इथे मिळालं तर इथे, नाहीतर पहाटे चारला बाहेरच्या रांगेत. मी जाणार. फक्त तुम्ही मला इथे दिलंत तर दुसरे तीन पेशंट पण वेळेवर होतील."

त्र्यंबकभाऊंनी चष्मा काढून पुसला. "चार्जिंगला किती वेळ लागतो?"

"पाच तास."

"दुपारी एक ते सहा लावा. दहा दिवस. त्या वेळात मी लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही, जिन्याने जाईन."

"आणि तुमचा गुडघा?"

"तुम्ही आहात की खाली."

रजिस्टरमध्ये ठराव लिहिला गेला. कमलेशने सूचक म्हणून सही केली, अनुमोदक म्हणून मी. एक वाजता ताईंनी सॉकेट कोरड्या फडक्याने पुसला आणि प्लग लावला. त्र्यंबकभाऊ जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून उभे होते. दिवे लागलेलेच राहिले. ते एक-एक पायरी चढायला लागले.

ताईंनी तिथेच उभ्या उभ्या खडवलीला फोन लावला. "सहदेवभाऊ? सिस्टर बोलतेय. उद्या आठला येते. आणि वहिनींना सांगा, डोळे उघडले तरी चालतील."