चारातली एकच रांग खोटी

फोन वैनींचा होता, साबळे सरांच्या बायकोचा. सकाळी नऊचा सुमार, मी कॉलेजला निघायच्या घाईत बुटाच्या नाड्या बांधत होतो. "भावजी, सुटले ओ ते," एवढंच म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "च्या घेतला, कप खाली ठिवला, अन् गेले. तरास न्हाय झाला." खोटं कशाला लिहू, ते ऐकून मला आधी वाईट वाटलंच नाही. मोकळं वाटलं. साबळे सरांच्या फुप्फुसांनी दीड वर्षापूर्वीच संप पुकारला होता. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्यासाठी त्यांना थांबावं लागायचं. उभा जन्म ज्यांनी अर्धवट वाक्य तोंडातून काढलं नाही, त्यांचे हे हाल बघवत नव्हते. आता पाच आठवडे होऊन गेले. लोक भेटतात, "फार वाईट झालं" म्हणतात, मी मान हलवतो. पण आत जे आहे ते सुटकेचंच आहे, आणि ती सुटका त्यांच्या दुखण्यापुरती नाही. माझाही तिच्यात वाटा आहे.

सर आमच्या बारामतीच्या कॉलेजात कला शाखेला तर्कशास्त्र शिकवायचे, मी विज्ञान शाखेला गणित. ते शेळगावहून रोज एसटीने येत, कारण म्हाताऱ्या वडिलांना, आबांना, गाव सोडून कुठं राहायचं नव्हतं आणि सरांना आबांना सोडून. आबा म्हणजे वेगळंच प्रकरण. छप्पन सालानंतर घरानं धम्म स्वीकारला तेव्हा सर शाळकरी पोर होते. आबांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "आता कुणी सांगितलं म्हणून मानायचं न्हाय. इचारायचं, तपासायचं, मग मानायचं." सर म्हणत, माझं तर्कशास्त्र तिथंच सुरू झालं, पदवी नंतरची. आम्ही विज्ञानवाले मात्र त्यांना मागं 'जर-तर मास्तर' म्हणायचो. अकरावीची पोरं तर्कशास्त्र घेतात ते मार्क पडतात म्हणून, असं स्टाफरूममध्ये मोठ्यानं बोलणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत वरचा होता. गणिताच्या माणसाला जरा माज असतोच. मला जरा जास्त होता.

नव्वदनंतर तीन-चार वर्षांनी कॉलेजात कॉम्प्युटर आले. चार होते. त्यांच्यासाठी एसी बसवला, दाराबाहेर चपला काढायची पाटी लागली, आणि बी.एस्सी.ला एक नवा पेपर आला. त्याच्या अर्ध्या भागात तर्काचं गणित होतं, उरलेल्या अर्ध्यात मशीनच्या आतली सर्किटं. प्राचार्यांनी तो मला दिला आणि मी छाती काढून घेतला. तिसऱ्याच तासाला पिंपळीच्या एका मुलीनं हात वर केला. 'जर हे, तर ते' या वाक्याचा तक्ता मी फळ्यावर काढला होता, खऱ्या-खोट्याच्या चार रांगांचा. तिनं विचारलं, "सर, पहिलं खोटं असलं तरी रांग खरी कशी धरायची?" "सिलॅबसमध्ये तसं आहे," मी म्हणालो. ती खाली बसली. तिचं ते बसणं मला दिवसभर टोचत राहिलं.

रविवारी मी स्कूटर काढली आणि 'इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावू' असा बहाणा करून शेळगावात सरांच्या ओट्यावर जाऊन बसलो. सरांनी बहाणा ओळखला आणि अडलं कुठं ते विचारलं, मी तक्त्यातली ती रांग सांगितली. कॉलेजात शुद्ध बोलणारे सर घरच्या ओट्यावर घरचंच बोलायचे. म्हणाले, "समजा, मी तुमाला म्हटलं, कालव्याला पाणी आलं तर मी ऊस लावीन. पाणी आलंच न्हाय, तरी मी हिरीच्या पाण्यावर ऊस लावला. खोटं बोललो का?"

"नाही."

"पाणी न्हाय, ऊस बी न्हाय. आता?"

"आताही नाही."

"मग खोटा कवा पडलो?"

"पाणी येऊनही लावला नाहीत तर."

"झालं की, गणितराव. चारातली एकच रांग खोटी."

त्यानंतर वर्षभर माझा एकही रविवार चुकला नाही. अंथुर्ण्यावरून जाताना मी भजी बांधून घ्यायचो, वैनी चहा टाकायच्या, आणि सर मला इतिहास सांगायचे. नावं पाठ करू नका, कोण कशामुळं असा विचार करायला लागला ते धरा, असा त्यांचा दंडक होता. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पायताणं शिवणाऱ्याचा एक पोरगा होता. कॉलेजाचं तोंड न बघता, घरी पुस्तकं आणून शिकला, मास्तर झाला. त्याच्या डोक्यात आलं की माणसाचा विचारसुद्धा बीजगणितासारखा मांडता येईल, एक आणि शून्य एवढ्या दोनच आकड्यांत. लोकांनी वाहवा केली आणि पुस्तक फळीवर ठेवून दिलं. पुढं कितीतरी वर्षांनी अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आलं की विजेचं बटण हे चालू नाही तर बंद, म्हणजे एक नाही तर शून्य. बटणं एकापुढं एक जोडली की 'आणि' होतं, शेजारी-शेजारी जोडली की 'किंवा'. "आपल्या कॉलेजातल्या त्या एसीतल्या डब्यात दुसरं काय हाय?" सर म्हणायचे. "पायताणवाल्याच्या पोराचा इचार हाय, तारंवर चढवलेला." हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. का खुलायचा ते मला कळत होतं, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

सोमवारी मी हेच सगळं वर्गात जाऊन सांगायचो. कालवा, ऊस, बटणं, सगळं. सरांचं नाव मात्र कधी घेतलं नाही. सुरुवातीला संकोच होता, पुढं सोय झाली. निकाल उत्तम लागला. प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, अवघड विषय इतका सोपा करणारा माणूस आपल्याकडं आहे म्हणाले. समोरच्या बाकावर सर बसले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते.

आणि त्याच महिन्यात वर्कलोडची यादी आली. तर्कशास्त्राला पोरं मोजकीच उरली होती, तास भरत नव्हते. साबळे सर सरप्लस ठरले. नियमाप्रमाणं त्यांना दुसऱ्या कॉलेजात पाठवणार होते, आणि जागा होती ती पार जिल्ह्याबाहेर. आबांना तोवर उठवून बसवावं लागत होतं. सर गेले असते तर आबांचं करणारं कोणी नव्हतं. वैनी इंदापूरला दवाखान्यात नर्स, त्यांची ड्युटी चुकणारी नव्हती. आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. नव्या पेपराचे तास सरांच्या नावावर लागले तर त्यांचा वर्कलोड भरत होता. मी बोललो असतो तर प्रश्न मिटत होता. पण बोलायचं म्हणजे, वर्षभर जे माझं म्हणून खपलं ते माझं नव्हतं, हे सांगायचं. मी चार दिवस गप्प बसलो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

रविवारी नेहमीप्रमाणं गेलो. सरांनी बदलीचा विषयच काढला नाही. आबांना भात भरवून झाला, हात धुऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, "आज त्या जर्मन माणसाचं बघू." त्या माणसानं हयात घालवून सगळं गणित तर्काच्या पायावर उभं केलं होतं. पुस्तकाचा दुसरा भाग छापखान्यात होता, तेवढ्यात एका तरुण इंग्रजाचं पत्र आलं. पत्रात एकच प्रश्न. ज्या याद्यांमध्ये त्यांचं स्वतःचं नाव नाही, अशा सगळ्या याद्यांची मिळून एक यादी केली, तर तिच्यात तिचं स्वतःचं नाव घालायचं का नाही? घातलं तर काढावं लागतं, काढलं तर घालावं लागतं. पायालाच भगदाड! "मग त्यानं काय केलं?" मी विचारलं. सर म्हणाले, "दडपता आलं असतं. कुणाला कळलं नसतं इतक्यात. पर त्यानं पुस्तकाच्या शेवटाला पानं जोडली, अन् छापून टाकलं, माझ्यात हे चुकलंय." आणि भज्याचा कागद माझ्याकडं सरकवला.

ती गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली की क्रमानंच आली होती, मला अजून माहीत नाही. भजी तशीच ठेवून मी उठलो. सोमवारी पहिल्या तासाआधी मी प्राचार्यांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मग वर्षभर तुम्ही काय करत होता?" "शिकत होतो," मी म्हणालो. त्यांनी बारावीचं तर्कशास्त्राचं पुस्तक मागवलं, नव्या पेपराचा अभ्यासक्रम शेजारी ठेवला आणि पानं उलटत गेले. अर्धा पेपर त्या पुस्तकातच होता. कला शाखेचा माणूस विज्ञानाला कसा, यावर पत्रव्यवहार झाला, पण परवानगी आली. सर राहिले. आबा पुढं दोन वर्षांनी गेले ते स्वतःच्या घरात, मुलाच्या हातचं पाणी पिऊन. स्टाफरूममध्ये महिनाभर माझी टर उडाली. हक्काची होती, मी सोसून घेतली.

ते चार दिवस मात्र माझ्या मनातून गेले नाहीत. शेवटच्या भेटीत, गेल्या महाशिवरात्रीच्या सुट्टीत, मी ते बोलून टाकलं. सर उशीला टेकून बसले होते. म्हटलं, "सर, मी सोमवारीही बोललो नसतो, तर तुमचं गाव सुटलं असतं. आबा एकटे पडले असते."

सरांनी श्वास जमवला. "तुमी बोललात... का न्हाय?"

"बोललो."

"मग 'बोललो नसतो' हे खोटं. पहिलंच खोटं... म्हटल्यावर म्होरं काय बी लिवा. रांग खरीच येती." ते थांबले, हसले, परत श्वास जमवला. "गाव सुटलं असतं, हे बी खरं. सुटलं नसतं, हे बी खरं... त्यातनं काय बी निघत न्हाय, गणितराव. जावा घरी. निवांत जावा."

तर्काचा हा नियम मी त्या वर्षी पोरांना कितीतरी वेळा शिकवला होता. त्याच्यानं माणसाच्या छातीवरचा दगड उतरतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. परत येताना रस्त्यात स्कूटर बाजूला घेऊन मी थोडा वेळ रडलो, आणि खरंच निवांत घरी गेलो.

परवा वेळापत्रक बघणारा क्लार्क स्टाफरूमच्या भिंतीवरच्या, खडूनं भरायच्या तक्त्यापुढं फडकं घेऊन उभा होता. सर दिवाळीपर्यंत दम खात का होईना तास घेत होते, मग रजेवर गेले; त्यांचा पेपर आता माझ्याकडं आलाय. आठवड्यातल्या चार चौकोनांत सरांच्या अक्षरात 'साबळे' लिहिलेलं होतं. तो पुसायला निघाला. म्हटलं, राहू दे जूनपर्यंत. तास मी घेईन, नाव त्यांचं असू दे. तो म्हणाला, असं चालत नाही. म्हटलं, एक वर्ष उलटं चाललं होतं, तेव्हा कुणी विचारलं नाही. गुरुवारी वर्गात गेलो तर पहिल्या बाकावरचा पोरगा गोंधळला. "सर, हा तास तुमचा आहे?"

"साबळे सरांचा आहे," मी म्हणालो, आणि शिकवायला लागलो.