डायरेक्ट मेथडचा विजय

मुंबईहून बी. टी. होऊन, म्हणजे मास्तरकीची पदवी घेऊन, मी सोलापुरात परत आलो तो डायरेक्ट मेथड डोक्यात घेऊनच. इंग्रजी शिकवायचं ते इंग्रजीतूनच. वर्गात मराठीचा एक शब्द काढायचा नाही. दार म्हणायचं तर दार दाखवायचं, चालणं म्हणायचं तर चालून दाखवायचं. कॉलेजात प्रोफेसर हे सांगत तेव्हा निम्मा वर्ग पेंगत असे. मी पेंगत नव्हतो, कारण माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाळेतला इंग्रजी पहिलीचा, म्हणजे इंग्रजी जिथे सुरू होई तो वर्ग होता.

त्या वर्गात साखर पेठेकडची विणकरांची पोरं असत. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, आणि मराठी फक्त शाळेपुरती. त्यांना इंग्रजी शिकवलं जाई ते मात्र मराठीतून. आधी मराठी वाक्य, मग त्याची चिरफाड, मग कुठे इंग्रजी. बिचारी पहिल्याच वर्षी गळत. आणि विणकराचं पोर एकदा नापास झालं की पुन्हा त्या वर्गात येत नसे, घरच्या मागावर बसे. मला हे थांबवायचं होतं. मधली मराठी काढून टाकली, तर वकिलाचं पोर आणि विणकराचं पोर एका रेषेवर उभं राहील, असा माझा साधा हिशेब होता.

हेडमास्तरांनी बरीच टाळाटाळ केली आणि शेवटी एक वर्ष दिलं. वर्गाच्या दोन तुकड्या झाल्या. ‘अ’ शाळेतल्या इंग्रजीच्या जुन्या मास्तरांकडे, भाषांतराच्या पद्धतीने, ‘ब’ माझ्याकडे. कोणती पुढे जाते ते वर्षाअखेर बघायचं. “शास्त्रीय प्रयोग आहे हो हा,” हेडमास्तर म्हणाले, आणि त्या शब्दावर स्वतःच इतके खूश झाले की येईल त्या पाहुण्याला आमचे वर्ग दाखवू लागले.

माझा वर्ग रंगला. ‘आय अ‍ॅम गोइंग टु द डोअर’ असं ओरडत पोरं दाराकडे जात, ‘आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर’ म्हणत ते उघडत, आणि शेजारच्या वर्गातून जुने मास्तर कपाळाला हात लावत. विणकरांपैकी एक पोरगा सुरुवातीला तोंडच उघडत नसे. दिवाळीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे गेला. त्याच्या मराठीला फिदीफिदी हसणारी पोरं आता त्याच्या तोंडाकडे बघून वाक्य जुळवत. ते दिवस खरोखर सुखाचे होते.

मग पालक आले. एक वकील पोराचा दंड धरून लालबुंद होऊन शाळेत शिरले. “काल याला विचारलं, डोअर म्हणजे काय? तर हा उठला आणि दाराला हात लावून उभा राहिला. पुन्हा विचारलं, पुन्हा उठला! शाळेत मुलांना मुकं करता काय तुम्ही?”

“त्याला अर्थ कळला म्हणूनच तो उठला ना?” मी म्हटलं.

“कळला तर सांगायला नको?”

यावर मी बराच वेळ घसा कोरडा केला. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी पोराला जुन्या मास्तरांच्या घरी शिकवणीला घातलं. त्यांचं बघून दुसऱ्यांनी, दुसऱ्यांचं बघून तिसऱ्यांनी. महिन्याभरात माझ्या तुकडीतली बहुतेक मराठी पोरं तिथे मांडी घालून ‘डोअर म्हणजे दार’ घोकू लागली. दिवसा जी मराठी मी वर्गाबाहेर ठेवत होतो, ती संध्याकाळी त्यांना ओसरीवर मिळत होती. मी जुन्या मास्तरांना गाठलं.

“अहो, तुमचीच पोरं तयार करतोय मी,” ते सुपारी कातरत म्हणाले. “आईबाप दारात येऊन उभे राहतात. त्यांना काय हाकलून देऊ?”

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला जास्त चीड आली. विणकरांची पोरं शिकवणीला जात नव्हती. शाळा सुटली की त्यांना घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या असत.

परीक्षा जवळ आली तसा हेडमास्तरांनी निर्णय दिला, की दोन्ही तुकड्यांना पेपर एकच. मराठी वाक्यांचं इंग्रजी करा. “न्याय म्हणजे न्याय,” ते म्हणाले.

“पण माझ्या पोरांना भाषांतर शिकवलेलंच नाही! त्यांना बोलायला लावा, प्रश्न विचारा.”

“मॅट्रिकला काय येतं हो? भाषांतरच ना?”

मी भांडलो, अर्ज केला, पुन्हा भांडलो. त्यांनी चहा मागवला.

निकालात माझी तुकडी पुढे गेली, आणि चांगली पुढे गेली. दिवसा माझं, संध्याकाळी जुन्या मास्तरांचं, असं दुहेरी खाल्लेली पोरं पुढे जातील नाहीतर काय! विणकरांची पोरं झाडून नापास. मराठी वाक्यापाशीच अडली होती. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि डायरेक्ट मेथड यशस्वी झाल्याचा रिपोर्ट वर धाडायला घेतला. मी म्हटलं, “हा माझ्या पद्धतीचा निकाल नाही. ज्यांना फक्त माझ्या पद्धतीनं शिकवलं, ती सगळी बुडाली.”

“यश पदरात पडलंय,” ते वैतागून म्हणाले, “तर कसली खुसपटं काढता?”

तिथून उठलो तो तडक साखर पेठेत, दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या पुढे गेलेल्या त्या पोराच्या घरी. बाप मागावर होता. मला बघून हात थांबवून उठला. पोरगा कोपऱ्यात कांड्या भरत होता.

“कशात नापास झालं हो, मास्तर?”

“इंग्रजीत.”

त्याने पोराला पुढे बोलावलं. “मास्तरांसंगं बोल.”

मी इंग्रजीत विचारलं, सकाळपासून काय काय केलंस? पोरगा न अडखळता सांगत गेला. एक चूक झाली, ती त्याने स्वतःच दुरुस्त केली. शेजारचे मागवाले काम टाकून दारात येऊन उभे राहिले.

“हे इंग्लीश न्हाय?” बापाने विचारलं.

“आहे.”

“चांगलं हाय?”

“फार चांगलं आहे.”

“मग?”

पेपरात वाक्यं मराठीत होती, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो डोळे बारीक करून ऐकत राहिला. “म्हंजे मराठी येत न्हाय म्हणून इंग्लीशमधी नापास.”

“हो.”

दारातले लोक खो खो हसले. तो हसला नाही. “फुडल्या वर्षी?”

खोटं बोलवेना. “पेपर तसाच असणार,” मी म्हटलं.

तो पोराकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलला आणि स्वतः मागापासून बाजूला झाला. पोरगा जाऊन त्याच्या जागी बसला. मग बाप माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

“मास्तर, मग तुमी त्याला मराठीच शिकवायचं होतं की.”