आठ दिवसांच्या बोलीवरचा कॅमेरा

शिरूरच्या जुन्या पेठेत इमामभाईंचा फोटो स्टुडिओ आणि शेजारी माझं फ्रेमचं दुकान. फोटो त्यांनी करायचा, काच मी लावायची, अशी आमची बावीस वर्षांची जोडी. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तसे हसते-खेळते फोटो मोबाईलमध्येच राहायला लागले आणि आमच्या वाट्याला उरली ती गेलेली माणसं. घरात कुणी वारलं की दहाव्याच्या आत लोक आधार कार्ड नाहीतर लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येत. "यातले आबा तेवढे काढा, आन् जरा कोट घाला." इमामभाई आबांना घोळक्यातून सोडवायचे, कोट चढवायचे, मिटलेले डोळे उघडायचे.

या कामाला ते विटले होते. "जित्त्या मानसाचा एक तरी फोटो काढायचाय, केस न् केस मोजून घ्यावा असा," म्हणायचे. त्यासाठी त्यांना मीडियम फॉरमॅट कॅमेरा हवा होता. लग्नात चालतो त्यापेक्षा याचा सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा भाग, मोठा; बारीकशी सुरकुतीही सुटत नाही. नवा घेणं आमच्यासारख्याच्या सात पिढ्यांना जमायचं नाही, म्हणून ते जुन्याच्या मागावर होते.

पहिला फोटो कुणाचा, तेही ठरलेलं होतं. बायकोचा, अकिलाभाभींचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, फोटोग्राफरच्या बायकोचा धड फोटो नव्हता. मोबाईल दिसला की भाभी पदर पुढं ओढायच्या. "त्यो मोठा कॅमेरा येऊ द्या, मग बसते," म्हणायच्या. त्यांची लेक सुमैया दौंडला दिलेली. आईचा फोटो पाठवा म्हणून ती दर ईदला बापाशी भांडायची.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका दुकानदाराकडं तसा कॅमेरा निघाला. वापरलेला, पण तपासून, दुरुस्त करून विकायला ठेवलेला. बोली आठ दिवसांची. तेवढ्यात खोट निघाली तर तो परत घेणार, पुढं तुमचं नशीब. इमामभाईंनी मागं एकदा जुनी लेन्स आणली होती आणि घरी आल्यावर तिच्या आत बुरशी निघाली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकून प्यायला बसला.

धूळ बघायला त्यांनी पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले. सेन्सरवर बिघडलेले ठिपके आहेत का ते कळायला लेन्सला झाकण लावून नुसत्या अंधाराचे काढले. रेषा कडेला वाकतात का ते बघायला मार्केट यार्डाच्या विटांची भिंत तर सतरा वेळा. मला राग यायचा.

"इमामभाई, सोयरीक जमवतानाबी येवढी चौकशी करीत न्हाईत. भाभींचा एक काढून टाका की."

"पयला कॅमेरा पास होऊ द्या, सर्जेराव. खोटीच्या कॅमेऱ्यात तिचा फोटो नको."

पाचवा दिवस बुधवार होता. माणसाच्या अंतरावर फोकस बरोबर बसतो का, ते त्यांना बघायचं होतं. स्टुडिओमागच्या परसात भाभींना स्टुलावर बसवलं आणि हातात वर्तमानपत्र दिलं. असल्या कॅमेऱ्याचा फोकस फार पातळ असतो. अक्षरावर धरला की वीतभर मागचं नाक विरघळतं.

"पेपर पुढं धर. हलू नको," इमामभाईंचा आवाज माझ्या दुकानात ऐकू येत होता.

"आन् माझं तोंड?"

"त्ये शनवारी."

गुरुवारी सकाळी भाभी चहाचं आधण ठेवता ठेवता कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी माती दिली.

शनिवारी दुकानदाराचा फोन आला, कॅमेरा ठेवताय का परत करताय. मी शेजारीच बसलो होतो. "कॅमेऱ्यात काय बी खोट न्हाई," इमामभाई म्हणाले. "ठेवतो." फोन खाली ठेवला आणि इतका वेळ धरलेलं रडू त्यांना फुटलं. मीही रडलो.

चाळिसावा झाल्यावर त्यांच्या मुलानं, अक्रमनं, वर्तमानपत्रामागचा तो पुसट चेहरा कॉम्प्युटरवर स्पष्ट केला. गाल तुकतुकीत, नाक सरळ, डोळे पाणीदार. हौसेनं बापापुढं ठेवला. इमामभाईंनी तो जवळ घेऊन बघितला.

"ही कोन?"

"अम्मी हाय, अब्बा."

"मी न्हाई वळकत हिला." मग माझ्याकडं वळले. "सर्जेराव, इतकी वर्सं लोकांच्या भिंतीवर आपन बी असलीच मानसं टांगली का हो?"

त्या सगळ्यांना काच मीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मूळचा फोटो हातभर मोठा करून आणला. घरात माणसाची तसबीर लावणं धर्मात बसत नाही म्हणून थोरल्यांची मनाई होती, तेव्हा स्टुडिओत लावायचा होता. बातमीचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. भाभींच्या बोटावरचा तव्याचा जुना चटका दिसत होता. वर, चेहऱ्याच्या जागी, नुसता धुरकट उजेड.

मी माप घेत होतो. इमामभाईंनी बोट ठेवलं ते भाभींच्या मनगटावर. तिथं कोऱ्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि पेपरच्या कडेला साडीचा जरीचा काठ.

"ही सुमैयाच्या लग्नातली साडी," ते म्हणाले. "पेपर धरायला कोन नेसतं असली साडी? तिला वाटलं आसंल, आज काढतील. माझ्या म्होरं दोन तास बसली आन् मी अक्षरं बघत व्हतो."