मानाचा खांब

परसातल्या उतारावर टोमॅटोसाठी छोटं पॉलिहाऊस उभारायचं ठरलं. गवंडी बजावत होता, "आधी जमीन सपाट करू, खांब मागनं." पण आमच्या घरात मुहूर्त आधी, अक्कल नंतर. नारळ फुटला आणि पहिला खांब रोवायचा मान थोरल्या दिरांना मिळाला. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून उभे होते तिथेच, उताराच्या मधोमध, त्यांनी तो रोवला. मानाचा खांब उपटणार कोण? जमीन तिरकीच राहिली. आता पाणी सगळं खाली धावतं. वरची रोपं वाळतात, खालची कुजतात. दीर मात्र पाहुण्यांना खांब दाखवतात, "माझ्या हातचा हाय, अजून हालला न्हाई." हलेल कसा? त्याला हात लावायची घरात कुणाची छाती झाली नाही. माझीसुद्धा.