अध्यक्षांच्या मिशीखालचा भाव

कारंज्यात मी संगणकाचे क्लास घेते आणि जमेल तशा वेबसाइटही बनवते. आसेगावकडच्या एका भाजीपाला गटाची वेबसाइट मीच केली होती. रोज सकाळी बाजारातले भाव तिच्यावर टाकायचे, म्हणजे माल आज तोडायचा की एक दिवस थांबायचं हे लोकांना घरूनच ठरवता येईल, एवढंच तिचं काम. पण उद्घाटनाच्या आधी गटाचे अध्यक्ष लग्नाच्या फोटोग्राफरकडून फेटा बांधलेला फोटो काढून घेऊन आले आणि तो जसाच्या तसा, सगळ्यात वर लावायला लावला. मग अकरा संचालकांचे फोटो आले. मग पान उघडताच वाजणारी सनई आली. मी मुकाट्यानं सगळं लावलं. क्लासमधल्या इंटरनेटवर ते झकास दिसत होतं, आणि तेवढंच पाहून मी काम संपवलं. ती माझी चूक.

महिन्याभरानं गटाच्या सभेत तक्रार आली की पान उघडतच नाही. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. एक संचालक म्हणाले, लोकांचे फोन जुने आहेत. दुसऱ्यांना वाटलं, सगळे एकाच वेळी बघतात म्हणून गर्दी होते, तेव्हा वार वाटून द्यावेत. शेवटी ‘इंटरनेटचा वेग वाढवण्यात यावा’ असा ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि त्याची प्रत पुढच्या कार्यवाहीसाठी मला देण्यात आली. मी ती घेतली. नाही कसं म्हणणार?

फोटो हलके केले तर काम होईल, असं मी चाचरत सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “फोटो हलका करनं म्हंजे मानूस हलका करनं, बाई.”

वाद घालण्याऐवजी मी त्यांना गटातल्या एका गावात येऊन स्वतः बघायची विनंती केली. दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्याच्या टाकीपाशी गेलो. गावात नेटवर्क नीट मिळतं ते टाकीच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर. तिथं वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणाऱ्या एक काकू फोन धरून बसल्या होत्या. मी त्यांना भाव बघायला सांगितलं.

आधी फोटोतल्या फेट्याचा तुरा आला. मग फेट्याचा एक पेच, मग दुसरा. खाली पाच-सहा जण जमले. काकू वरून सांगत होत्या, कपाळ आलं, भुवया आल्या. अध्यक्ष जिन्यापाशी मान वर करून उभे, स्वतःच्याच चेहऱ्याची वाट बघत. नाकापर्यंत येऊन सगळं थांबलं. काकूंनी फोन हलवला, एक पायरी वर गेल्या. नाक जागचं हललं नाही.

“अध्यक्ष, वांग्याचा भाव तुमच्या मिशीखाली हाय का?”

कोणीच हसलं नाही. काकूंना खरंच विचारायचं होतं, आणि अध्यक्षांनीही खरंच उत्तर दिलं, की मिशीखाली आधी संचालक मंडळ आहे, त्याच्याखाली भाव.

“मंग तवरक वांगे बियाले येतीन,” काकू म्हणाल्या आणि उतरून वावराकडे गेल्या.

अध्यक्षही माझ्याबरोबर जीपनं कारंज्याला निघाले. मंगरूळपीर मागे पडल्यावर म्हणाले, “मले काढून टाक. पन मंग सगळ्याइलेच काढ.”

आठ दिवस खपून मी पान रिकामं केलं. उरली फक्त अक्षरं आणि आकडे. ते आता टाकीवर न चढता, चुलीपाशी बसूनही झटकन उघडायला लागलं. मी खूश होते. मग तक्रारी सुरू झाल्या. काकूंनी फोन करून सांगितलं की इतक्या लवकर आलं म्हणजे हा भाव कालचाच असणार, ताजा भाव बाजारातून यायला वेळ लागतोच ना. गावभर तोच समज. अध्यक्षांनी उपाय सुचवला, उघडताना थोडा वेळ चाक फिरू दे. वेग वाढवण्यासाठी आठ दिवस घालवलेल्या मीच त्या दुपारी बसून पानाला थांबायला शिकवलं. आणि लोकांचा विश्वास बसला! काकू म्हणाल्या, आता कसं बरोबर आणून राह्यलं.

चार दिवस ते खोटं चाक मला टोचत राहिलं. पाचव्या दिवशी ते काढलं आणि भावाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात वेळ लिहिली, आज सकाळी सात. काकूंनी ते तसंच मानलं नाही. बाजारात हमाली करणाऱ्या दिराला आठवडाभर रोज विचारून त्यांनी भाव पडताळून पाहिला. मग त्यांचे तक्रारीचे फोन बंद झाले.

पुढं एकदा सकाळी त्या बाजूला गेले होते. काकू धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभ्या राहून शेजारच्या वावरातल्या बाईला ओरडून भाव वाचून दाखवत होत्या. टमाटे उतरले होते, मेथी चढली होती. शेजारणीनं हातातलं टोपलं टमाट्यांच्या ओळीत तसंच ठेवलं आणि ती मेथीच्या वाफ्याकडे वळली.