भरलेलं वजन, रिकामं वजन

मतदानावर जीव असलेला आणि मत मागायला येणाऱ्याच्या जिवावर उठलेला, असा माझ्या मामेसासऱ्यांसारखा दुसरा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. हे मी शोधून सांगते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवडणूक जवळ आली की दारोदार फिरून मतदार यादी तपासायचं काम वीस वर्षं माझ्याच गळ्यात पडत आलं आहे, त्यामुळे मयत, स्थलांतरित आणि विक्षिप्त असे तिन्ही प्रकारचे मतदार मला नावानिशी पाठ आहेत. यादीत विक्षिप्तांसाठी वेगळा रकाना नाही म्हणून, नाहीतर मामांचा अनुक्रमांक एक असता.

मामा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. उसाची ट्रॉली आली की तिचं भरलेलं वजन घ्यायचं, ऊस गव्हाणीत टाकून ती परतली की रिकामीचं घ्यायचं, दोहोंतला फरक तो शेतकऱ्याचा ऊस. एकतीस वर्षं त्यांनी एवढंच केलं, आणि एकतीस वर्षांत ‘मामांनी काटा मारला’ असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सख्ख्या भावाच्या ट्रॉलीलाही त्यांनी कधी एक किलो वाढवून दिला नाही. त्या भावानं चार वर्षं अबोला धरला, तोही मामांनी निमूटपणे सोसला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या भुसार दुकानातला लोखंडी काटा आणून घराच्या पडवीत मांडला, आणि तेव्हापासून त्या घरात काट्यावर चढल्याशिवाय कुणाला चहा मिळालेला नाही. गॅसची टाकी, पोस्टमन, नवी सून, जुना जावई, सगळ्यांना एकच न्याय. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी येताना एकदा आणि जाताना एकदा काट्यावर उभं केलं, आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, “पाव्हण्यानं पाऊण किलो पोहं खाल्लं. भूक चांगली हाय, पोरगं कामाचं दिसतंय.” लग्न ठरलं. जावईबापू अजून त्या घरी पोहे खात नाहीत.

मामांची वस्ती गावाच्या ओढ्यापलीकडे आहे आणि ओढ्यावर पूल नाही. बाकी वर्षभर ओढ्यात वाळू असते, पावसाळ्यात मात्र पाणी आणि चिखल यांच्या मधलं काहीतरी असतं. मामी त्यातच घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, चौघांनी बाजेवर घालून त्यांना अलीकडे आणलं. तेव्हापासून डॉक्टरांनी आणि मी मिळून नियम केला, की आषाढ लागला की मामींनी गावात माझ्या घरी यायचं आणि दिवाळीला परत जायचं. मामा मात्र जनावरं सोडून येत नाहीत. म्हणजे पन्नास वर्षं संसार केलेली दोन माणसं दर पावसाळ्यात ओढ्याच्या दोन काठांवर राहतात, आणि मोबाईल असूनही संध्याकाळी काठावर येऊन ओरडून बोलतात. मामी निघताना मामा त्यांचं वजन करतात आणि परत आल्यावर पुन्हा करतात. “सूनबाई, पाचशे ग्राम कमी भरली. दुपारचं जेवाय घालत न्हाई व्हय?” असं मला सगळ्यांसमोर विचारलेलं आहे. मी रागानं लाल व्हायच्या आत मामीच म्हणाल्या, “आवं, चष्मा बदललाय म्या. त्यो हलका हाय.”

आता पुलाचं. त्या पुलाची फाइल मी स्वतः पाहिली आहे. सरपंचांच्या वतीनं अर्ज लिहायचं कामही माझ्याकडेच असतं. अंदाजपत्रक मंजूर होतं की लोकसभेची आचारसंहिता लागते. ती उठते तर पाऊस. पाऊस संपून कार्यादेश निघायचा, तर विधानसभेची आचारसंहिता. ती संपते न संपते तोच नगरपालिका, मग जिल्हा परिषद. प्रत्येक वेळी तेच प्रशिक्षण, त्याच मशिनचं तेच बटण, तीच पिशवी घेऊन रात्रीचा मुक्काम परगावच्या तसल्याच वर्गात, जसल्यात मी रोज शिकवते. शिवाय आचारसंहितेचं पथक येतं ते वेगळंच. एका वेळी पथकानं आमच्या शाळेच्या भिंतीवरचं कमळ, घड्याळ आणि हाताचा पंजा कागद चिकटवून झाकला. कमळ राष्ट्रीय फूल म्हणून काढलेलं होतं, घड्याळ ‘घ’चं होतं आणि पंजा ‘जेवणापूर्वी हात धुवा’चा. पहिलीचा ‘घ’ त्या वर्षी महिनाभर मागे पडला. मी लेखी विचारलं, तर उत्तर आलं की आचारसंहिता संपल्यावर कागद काढावा. कागद निघाला, सोबत रंगही निघाला. म्हणून माझं मत पक्कं आहे आणि मी ते शिक्षकांच्या बैठकीत, गॅसच्या रांगेत आणि एसटीत मोठ्यानं मांडते: लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी घ्या, बाकीच्याही त्यालाच जोडून. एक आचारसंहिता, एक प्रशिक्षण, एक मुक्काम, बोटाला एकदाच शाई. उरलेली पाच वर्षं माणसांना कामं करू द्या.

हे मी मामांसमोर बोलले ती माझी चूक. मामा काट्यावरून उठले, जणू कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत काटा मारला होता. “एकदाच?” ते म्हणाले. “भरलेली गाडी एकदाच तोलली तर आत ऊस किती आन् गाडी किती, कसं कळायचं? सांग की. मास्तरीण हायेस ना तू?”

“मामा, माणसं म्हणजे ट्रॉली नव्हे.”

“व्हय, ट्रॉली खोटं बोलत न्हाई.”

आणि त्यांनी ते करून दाखवलं. लोकसभेच्या वेळी, ऐन उन्हाळ्यात, आमच्या भागातले एक साहेब आपल्या उमेदवाराला घेऊन वस्तीवर आले होते. मामांनी उमेदवाराला सोडून साहेबांनाच काट्यावर चढवलं. फोटो चांगला येईल म्हणून साहेबही हसत चढले. चौऱ्याऐंशी किलो. काट्यावर उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं की पावसाळ्याच्या आत ओढ्यावर पूल होईल, मामी यंदा गावात राहायला जाणार नाहीत. मामांनी कारखान्याच्या जुन्या कोऱ्या गुलाबी पावतीवर तारीख, वजन आणि ‘माल : पूल’ असं लिहून पावती मामींच्या देव्हाऱ्यात ठेवली. पावसाळा आला. मामी माझ्याकडे आल्या. दिवाळी झाली आणि विधानसभेला तेच साहेब, आता स्वतःसाठी मत मागत, त्याच पडवीत आले.

मी तिथेच होते, मामींना पोचवायला आले होते. निम्मी वस्ती जमली होती. मामांनी हात जोडले, “साहेब, पैलं वजन झालं हुतं. आता रिकाम्या गाडीचं करू.” साहेबांना मागे जाता येईना, मोबाईल सगळ्यांचे वर होते. ते चढले. मामांनी वजनं सरकवली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. सत्त्याऐंशी.

“येकतीस वर्सं काट्यावर काढली,” मामा अत्यंत दुःखानं म्हणाले, “पण माल उतरवून गाडी तीन किलोनं जड झाली, आसं म्या कंदी पाह्यलं न्हाई.”

पडवी हसून फुटली. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मामी तेवढ्या हसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, मला माज्या घरी पाऊस बघायचा हाय. बाकी काय न्हाई.”

साहेब निवडून आले, आणि आचारसंहिता उठल्यावर कार्यादेश खरोखर निघाला. उन्हाळ्यात ओढ्यात दोन खांब उभे राहिले. मामा रोज जाऊन त्यांना हात लावून यायचे. मी म्हटलं, बघा, आचारसंहिता नसती तर हेच काम दोन वर्षं आधी झालं असतं. ते म्हणाले, दुसरा काटा झाला नसता तर कंदीच झालं नसतं. ह्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. दोघांचंही खरं आहे, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. दोन खांबांवर पाऊस आला, काम थांबलं, मामी पुन्हा माझ्या घरी आल्या. पाऊस गेला, तर कुणीतरी सांगितलं की जिल्हा परिषदेची आचारसंहिता आज लागेल, उद्या लागेल. स्लॅबचं नंतर बघू.

गेल्या दिवाळीत मी मामींना पोचवायला गेले. ओढ्यातली वाळू ओलांडताना मामी तीनदा थांबल्या, एकदा तर खांबाला टेकून. पूर्वी थांबत नसत. पडवीत गेल्याबरोबर मामांनी काटा पुसला. मामी चढल्या. ‘मामी, जेवणावरून बोलणी खाणार आता मी,’ असं मनात म्हणत मी शेजारी उभी होते, म्हणून मला आकडा दिसला. आषाढात निघताना त्या अठ्ठावन्न होत्या. काटा त्रेपन्नावर स्थिरावला. मामांनी वजन थोडं मागे-पुढे केलं, पुन्हा त्रेपन्नच.

“किती वो?” मामींनी विचारलं.

“तेवढीच,” मामा म्हणाले. “अठ्ठावन्न. सूनबाईनं जेवाय घातलेलं दिसतंय यंदा.”

आणि गुलाबी पावतीवर त्यांनी अठ्ठावन्न लिहिलं. मामी खूश होऊन चुलीकडे गेल्या. मामा माझ्याकडे बघत नव्हते. मी याद्या तपासणारी बाई, चुकीचा आकडा दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो; त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्याच दिवशी नगरला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं, आणि ते मी मामींच्या नकळत मामांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

निघताना ते ओढ्यापर्यंत आले. खांबांवरच्या सळया वर तशाच उघड्या, गंजलेल्या.

“सूनबाई, ती समदी विलेक्शनं एकदाच घ्यायची, तुमची ती,” ते म्हणाले, “मंग मधी पाच वर्सं कुनी येनार न्हाई ना?”

“नाही, मामा.”

“पाच वर्सं लई व्हतात,” ते म्हणाले. “तुला न्हाई. आमाला.”

एवढं बोलून ते माघारी वळले. अलीकडच्या काठावर चढल्यावर मी मागे पाहिलं, तर मामी पडवीत आल्या होत्या, आणि मामा ओढ्याच्या काठावरून, पन्नास पावलांवर घर असताना, त्यांना ओरडून काहीतरी सांगत होते. सवय लागली असेल.