वर आलेलं पान

भर खेळात मी आईला खोटारडी म्हणालो. तेही बायकोसमोर, आणि ज्या गोष्टीवरून म्हणालो तिचा फायदा लहानपणापासून मीच घेत आलो होतो.

मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून घरात आई, बायको आणि मी असे तिघंच. रविवारी जेवणं झाली की पत्त्यांचा पाच-तीन-दोन. ज्याला ठरल्यापेक्षा जास्त हात मिळतात, तो पुढच्या डावात कमी पडलेल्याचं एक पान न बघता ओढतो आणि आपलं एक टाकाऊ पान त्याला देतो.

लहानपणी गावी, वालूरला, मी, आई आणि वडील खेळायचो. आई कमी पडली की पानांचा पंखा माझ्यापुढे धरायची. त्यातलं एक पान बोटभर वर आलेलं असायचं. मी तेच ओढायचो. एक्का निघायचा, नाहीतर बादशा. "पोराचा हात लय चांगला हाय," वडील म्हणायचे. ते पान आपोआप वर येत नाही, हे मला सातवी-आठवीतच कळलं होतं. पण मी कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. ते आमच्या दोघांतलं होतं.

मागच्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर, दिवसातून सहा वेळा, बायकोने तिच्या डोळ्यांत थेंब टाकले. मी ऑफिसात असायचो. त्यानंतर आई दुखलं-खुपलं तिलाच सांगू लागली. मी घरात शिरलो की दोघींचं बोलणं थांबायचं, किंवा मला तसं वाटायचं.

त्या रविवारी आईला एक हात कमी पडला, बायकोला एक जास्त. पुढचा डाव वाटून झाल्यावर आईने पानं तिच्यापुढे धरली. एक पान बोटभर वर होतं.

"वढ की गं बाई, वाट कुणाची बघायलीस?"

बायकोने कडेचं भलतंच पान धरलं. आईने मनगट हलकेच वळवून वरचं पान तिच्या बोटांशी नेलं. मी हातातली पानं खाली टाकली.

"आत्ता कळलं, ही दर रविवारी कशी जिंकायली ते! तू पान वर काढून द्यायलीस तिला."

"हात थरथरतो रे बाबा."

"मग एकच पान कसं थरथरतं? खोटारडी हायेस तू."

"अहो, काय बोलायलात?" बायको गोंधळली. "मला तर काहीच माहीत न्हाई, आत्याबाई."

आईने आपली पानं नीट जुळवून सतरंजीवर उलटी ठेवली. "मला न्हाई खेळायचं."

पुढचे तीन रविवार पत्त्यांचा कॅट कपाटातच राहिला. बायकोने विचारलं की आई म्हणायची, "नजर ठरत न्हाई, माय." पेपर मात्र ती रोज वाचत होती.

चौथ्या रविवारी मीच कॅट काढला, तीस पानं वेगळी केली आणि आईच्या पलंगापाशी खाली बसलो. बायकोलाही हाक मारली. बोलताना माझी नजर पानांवरच होती.

"आई, लहानपणी वर आलेली पानं मीच वढली. माहीत असून वढली. तवा मला ती फसवणूक वाटली न्हाई. तू हिच्यासाठी केलंस, तर मी जळलो. माझं चुकलं." मग बायकोकडे वळलो. "तुला मिळालेलं मला बघवलं न्हाई. तू बी मला माफ कर."